सटीच्या रात्री काचेच्या पेटीतलं बाळ आणि तात्यांचं फोनवरचं गाऱ्हाणं

तिठ्यावरची (धागाकर्ती):

आठ महिने झाले, आता लिहिते. आधी लिहायला बसले की पहिल्या वाक्यालाच अडायचे.

मुलगी 31व्या आठवड्यात झाली. मी माहेरी, वेंगुर्ल्याच्या बाजूला. नवरा मुंबईत, चाकरमानी. बाळंतपणाला अजून दोन महिने म्हणून आईने अळीवसुद्धा आणून ठेवले नव्हते. जूनचा दुसरा आठवडा, पाऊस असा की अंगणातली पायरी दिसत नव्हती. रात्री साडेअकराला पाणमोट फुटली. पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि एवढ्या लहान बाळासाठी आमच्याकडे मशीन नाही, पुढे न्या म्हणाले. पुढे फोन करून कळवायची तसदीही कुणी घेतली नाही. भाऊ गाडी चालवत होता. तो ट्रॉलरवर जातो, पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते म्हणून घरी होता. नाहीतर त्या वेळी समुद्रात असता. आई आजही म्हणते, ‘देवानच त्येका घराक ठेवल्यान.’

पहाटे तीन वीसला मुलगी झाली. 1340 ग्रॅम. सोललेले दोन नारळ हातात घेऊन बघा, तेवढं वजन. नर्सने माझ्या डोळ्यांसमोरून एकदा नेली आणि थेट काचेच्या पेटीत. रडल्याचा आवाज मी ऐकलाच नाही.

मला दूध आलं तिसऱ्या दिवशी. त्याआधीचा चीक हाताने पिळून वाटीत काढायचा, पिवळाधमक, चमचाभरही नाही. तो नळीने तिच्या पोटात जायचा, दर दोन तासांनी 2 मिली. तिला अजून ओढता येत नव्हतं. ज्याला पिता येत नाही त्याच्यासाठी दूध येतं, ह्याचं तेव्हा मला कौतुक वाटलं नाही. थट्टा वाटली. जो येईल तो म्हणायचा, ‘देव बघता, भरवसो ठेव.’ मनात यायचं, बघतोच आहे नुसता.

मग सटीची रात्र आली, जन्मानंतरची सहावी. त्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणतात. घरी आईने पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, कोरा कागद आणि पेन ठेवलं. बाळ घरात नाही तर मांडलंस कशाला, म्हणून मी फोनवर चिडले. ती म्हणाली, ‘सटीक पत्तो सांगूक लागणा नाय.’

त्याच रात्री दहाच्या सुमारास तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे चुलत आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, गावात सगळ्यांच्या वतीने देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याकडे. म्हणाले, फोन मोठ्यान लाव. नवरा तोपर्यंत पोचला होता. तो, भाऊ आणि मी पॅसेजमधल्या बाकावर बसलेलो. स्पीकर लावला, आवाज शक्य तेवढा बारीक केला.

‘बा देवा रवळनाथा, म्हाराजा...’

भाऊ पुटपुटला, ‘व्हय म्हाराजा.’

‘आज ह्या लेकरू तुझ्या हद्दीत इला हा. येळेच्या आधी इला, ता तुका म्हायत आसा. त्येका कोणी बोलवक गेला नव्हता, तूच धाडलंस.’

‘व्हय म्हाराजा.’

‘धाडलंस, तर आता सांभाळूक व्हया. अर्ध्या वाटेर हात सोडूचो नाय. काय चुकला-माकला आसात, तर ता आमच्या म्हाताऱ्यांच्या माथ्यार घाल, त्या लेकराच्या नको.’

ह्या वेळी ‘व्हय म्हाराजा’ दोन आवाजांत आलं. समोरच्या बाकावर एक अनोळखी बाप बसला होता, त्याचंही बाळ आतच होतं. गुडघ्यावर कोपर टेकून, मान खाली घालून तोही म्हणत होता.

मला तोपर्यंत वाटायचं की भरवसा म्हणजे गप्प बसणं, तक्रार न करणं. तात्या तर सरळ देवाशी भांडत होते. आणि सहा दिवसांत पहिल्यांदा मला झोप लागली, बाकावर बसल्या बसल्या.

आता विचारायचंय ते हे. मुलगी बरी आहे, त्यामुळे ‘देवाने वाचवलं की डॉक्टरांनी’ हा वाद मला नको आहे (तरी तो होणार, माहीत आहे). पण जन्मल्या क्षणापासून कुणीतरी आपल्याला धरून आहे, असं तुम्हाला वाटतं का? कशावरून वाटतं? आणि वाटत नसेल तर तेही लिहा.

---

माडाची_सावली:

वाचून अंगावर काटा आला. लेकीला खूप आशीर्वाद. अळीव आता तरी खा, दूध वाढतं म्हणतात.

---

खारफुटी:

वाद नको म्हणालात, तरी थोडा करतो. बंदी सरकारची, श्रेय देवाला! भावाला घरी ठेवलं ते मत्स्यव्यवसाय खात्याने. (हलकेच घ्या.)

गंभीर मुद्दा वेगळा आहे. मी दर वर्षी ह्या दिवसांत वेळासला जातो, कासवांसाठी. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे काम सुरू केलं, त्याआधी घरटी सर्रास खणून अंडी नेली जायची. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत येते, हातभर खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. परत बघायला येत नाही. 45 ते 60 दिवसांनी पिल्लं आपली आपण वर येतात आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात. आई नाही, दूध नाही, सट नाही. हजारातलं एखादं मोठं होतं असं सांगतात. उरलेल्या 999 पिल्लांनी कुणावर भरवसा ठेवायचा होता?

माणसांचंही तेच. ज्यांची बाळं घरी आली ते धागे काढतात. ज्यांची आली नाहीत ते कुठे लिहितात?

---

रात्रपाळी:

मी नवजात विभागात नर्स आहे. कुठल्या दवाखान्यात ते विचारू नका.

तिठ्यावरची, तुमच्या मुलीला ओढता येत नव्हतं ह्यात बिघाड काहीच नव्हता. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं ह्या तिन्हींचा मेळ साधारण 34व्या आठवड्याच्या आसपास बसतो. त्याआधी पाजायला गेलं तर ठसका लागून दूध श्वासनळीत जाऊ शकतं. म्हणून नळी. आया रडतात, मला घेतच नाही म्हणतात. त्यांना मी म्हणते, तिची वेळ झाली की ती तुला शोधत येईल. आणि येतातच. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मल्याबरोबर आईच्या पोटावर उघडं ठेवलं, तर बरीचशी बाळं वासावर सरपटत स्तनापर्यंत पोचतात. अर्धा-पाऊण तास लागतो. मी मोजत नाही एवढ्या वेळा पाहिलंय, आणि तरी दर वेळी हातातलं काम थांबतं.

छातीशी घ्यायला लावलं असेल तुम्हाला, ‘कांगारू’ म्हणतात ते. त्याची सुरुवात कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 साली झाली. पेट्या कमी, बाळं जास्त, एका पेटीत दोन-दोन. तिथल्या डॉक्टरांनी बाळं उघडी करून आयांच्या छातीला बांधली. पेटीऐवजी नाइलाजाने केलेली सोय, पण बाळं ऊब धरू लागली आणि दगावण्याचं प्रमाण खाली आलं. आता पेट्या असतील तिथेही हेच करायला सांगतात.

सटीबद्दल. माझा अंदाज सांगते, पटला तर घ्या. पूर्वी नाळ कोयत्याने कापायचे, वर राख नाहीतर शेण लावायचे. बाळाच्या धनुर्वाताची लक्षणं बहुतेक पहिल्या आठवड्याच्या आसपासच दिसतात. दूध ओढणारं बाळ अचानक तोंड मिटतं, मग ताठ होतं. पाचव्या-सहाव्या रात्री बायका बाळाजवळ जागत बसायच्या त्या उगाच नसाव्यात. गरोदरपणातली इंजेक्शनं आणि स्वच्छ ब्लेड ह्यांनी ते इतकं कमी झालं की 2015 मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. पूजा खुशाल करा. फक्त नाळेवर काही लावू नका, घुटी देऊ नका, काजळ घालू नका. एवढं ऐकलंत तर सटीवर माझा काही राग नाही.

---

तिठ्यावरची:

@रात्रपाळी, ‘शोधत येईल’ हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

एक गंमत सांगायची राहिली. तिला श्वास मध्येच थांबू नये म्हणून कॅफिन चालू होतं. डॉक्टरांनी ‘कॉफीत असतं तेच’ म्हणून समजावलं. आईने ते गावभर केलं, ‘आमच्या पोराक दिसाक कापी लागता, आताच मुंबैकारीण झाला.’

---

चर्चच्या_उतरणीवर:

आम्ही सावंतवाडीकडचे, ख्रिस्ती. तात्यांचं गाऱ्हाणं वाचून थबकलो, कारण जवळजवळ हेच आमच्या पुस्तकात आहे.

स्तोत्रसंहितेतलं 22वं स्तोत्र. मधल्या ओळींचा भाव असा: तूच मला आईच्या उदरातून बाहेर काढलंस, आईच्या अंगावर पीत होतो तेव्हाच तू मला भरवसा ठेवायला लावलंस, जन्मापासून मी तुझ्यावरच टाकलेला आहे. बारशाच्या पत्रिकांवर छापायला फार गोड ओळी. पण ते स्तोत्र सुरू कसं होतं? ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ येशूने क्रुसावर उच्चारलं ते हेच वाक्य. म्हणजे तो भरवसा आरामात बसून लिहिलेला नाही. माणूस पार कोंडीत सापडलाय, रात्रंदिवस हाका मारतोय, उत्तर नाही. तेव्हा तो जुना हिशेब काढतो: मला बाहेर काढणारा तू, दूध पाजवणारा तू, मग आता लांब का उभा? लगेच पुढची ओळ, माझ्यापासून दूर राहू नको.

‘धाडलंस, तर आता सांभाळूक व्हया.’ वेगळं काय आहे?

दुसरं म्हणजे ‘भरवसा ठेवायला लावलंस’ ही शब्दरचना. दूध पिणाऱ्या पोराने काय ठरवून भरवसा ठेवला? तो त्याच्यात ठेवला गेला. मला नेहमी वाटतं, श्रद्धा मोठेपणी शिकतो म्हणतो ती शिकणं नसतं, आठवणं असतं.

जाता जाता: आमच्यात बाळाच्या जिवाला धोका असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, पाद्री लागतोच असं नाही. माझ्या बहिणीच्या मुलाला नर्सने दिला, औषधाच्या इवल्याशा कपातल्या पाण्याने. तो आता दहावीला आहे आणि अभ्यास करत नाही.

---

बाणकोटची_खाडी:

आमच्याकडे बाळाच्या उजव्या कानात अजान देतात, जन्मल्याबरोबर. माझ्या मुलाच्या वेळी मला दोन मिनिटं आत सोडलं. मास्क, टोपी, गाऊन. पेटीच्या गोल खिडकीतून तोंड जवळ नेलं आणि कुजबुजत अजान दिली. सगळी मशीनं टुकटुक करत होती. त्याला काय कळलं असेल? काही नाही. पण त्याला उद्देशून बोललेलं पहिलं काहीतरी ते होतं, आणि त्यात त्याच्याकडे मागणं काहीच नव्हतं, ‘शहाणा हो, मोठा हो’ असलं. फक्त, ‘तो’ मोठा आहे.

---

टाळ_आणि_चकवा:

आमच्या भजनात हमखास घेतो तो तुकोबांचा अभंग आठवला, ‘बाळा दुधा कोण करितें उत्पत्ती’. मूल जन्मतं आणि दूधही, दोन्ही एकदमच वाढवणारा तो विश्वंभर. आमचे बुवा इथे थांबून मृदंग बंद करायला लावतात आणि विचारतात, ‘सांगा, कोण करता?’ बायका हसतात.

@खारफुटी, तुमच्या प्रश्नाला हात जोडतो, हसण्यावारी नेत नाही. पण एक लक्षात घ्या, हे लिहिणारा माणूस कोण? ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हेही त्यांचंच. दुष्काळात बायको भुकेने गेलेली त्यांनी पाहिली. दूध कोण निर्माण करतो हे विचारणाऱ्याला अन्न न मिळणं म्हणजे काय ते माहीत होतं. 999 पिल्लं त्यांच्या घरातली होती. तरी ‘तेणें तुझी काय नाहीं केली चिंता’ म्हणाले. का म्हणाले, मला सांगता येणार नाही. वीस वर्षं म्हणतोय, अजून पुरतं कळलेलं नाही. पण पोट भरलेल्याची बडबड ती नव्हे, एवढं नक्की.

---

खारफुटी:

@टाळ_आणि_चकवा, ही बाजू खरंच लक्षात नव्हती आली. विचार करतो. (देवाचा नाही, तुकारामांचा.)

---

कोकम_सरबत:

थोडं अवांतर, पाटा-वरवंट्याच्या पूजेला वरवंट्याला कुंची घालतात का तुमच्याकडे? आमच्याकडे काजळाचे डोळे काढतात. आणि आता घराघरात मिक्सर, वरवंटा आणायचा शेजारून.

---

नाव_नको:

नेहमी फक्त वाचते. आज खारफुटींनी विचारलं, कुठे लिहितात, म्हणून लिहिते.

माझा अकरा दिवस होता. सटही झाली, दवाखान्यातच, सासूबाईंनी उशाखाली कागद ठेवला होता. अकराव्या दिवशी गेला. लोक म्हणाले देवाला आवडला. मी एका बाईला विचारलं, तुमची तीनही आवडली नाहीत वाटतं त्याला? तेव्हापासून ती बोलत नाही. बोलू नये तिने.

दोन वर्षं देवळाची पायरी चढले नाही. मग एक दिवस दुपारी गेले, गुरव घरी जेवायला गेले होते, कुणी नव्हतं. मला गाऱ्हाणं घालता येत नाही, बाई घालतही नाही आमच्याकडे. पण तोंडाला येईल ते बोलले, शिव्यासुद्धा. अर्धा तास. ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारं कुणी नव्हतं.

मला बरं वाटलं असं लिहिणार नाही. पण नंतर घरी आले आणि जेवले. आणि लक्षात आलं, कुणीच नाही तिथे असं वाटत असतं तर मी अर्धा तास बोलले कुणाशी असते?

माझ्या बाळाला कुणी धरून होतं का, मला माहीत नाही. अकरा दिवस मी धरून होते. त्यातले चार तास छातीवर, रात्रपाळी म्हणतात तसं. तेवढा वेळ तो शांत होता. एवढंच.

---

तिठ्यावरची:

@नाव_नको, काय लिहू? तुमचं वाचून फोन बाजूला ठेवला आणि मुलीला उगाचच उचलून घेतलं, झोपली होती तरी. मग वाटलं हे तुम्हाला सांगणं बरोबर की चूक. सांगतेय.

व्हय म्हाराजा. उशिरा, पण तुमच्या त्या दुपारच्या गाऱ्हाण्याला.

---

चर्चच्या_उतरणीवर:

व्हय म्हाराजा.

---

रात्रपाळी:

व्हय म्हाराजा. ते चार तास तुमच्या हातून सुटलेले नाहीत, ताई.

---

खारफुटी:

मी म्हणत नाही सहसा. आज म्हणतो. व्हय म्हाराजा.

---

तिठ्यावरची:

परवा मुलीला घेऊन पहिल्यांदा रवळनाथाच्या देवळात गेलो. इतके दिवस डॉक्टरांनी गर्दी टाळायला सांगितली होती, जत्रा चुकवली. तात्या काठी टेकत आले. मला वाटलं आता आभाराचं काहीतरी म्हणतील. नारळ ठेवला, घसा साफ केला आणि सुरू:

‘बा देवा म्हाराजा, लेकरू हाडला हा. सात किलो झाला. आता दात येतत, रातचा झोपणा नाय, आवशीक झोपाक दिणा नाय. ह्येचा काय ता बघ.’

परत तक्रारच. सगळ्यांनी हसत ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. नारळ फुटला तशी मुलगी दचकली, ओठ काढले, आणि रडायच्या आधी मान वळवून माझं तोंड शोधलं.

आईने सटीचा तो कोरा कागद अजून डब्यात ठेवलाय. दवाखान्यातून घरी येताना मी त्या रात्रीच्या तक्त्याचा फोटो मागून घेतला होता, त्यात नर्सच्या हातचं लिहिलंय: 1290 ग्रॅम, दूध 3 मिली पचलं. आईला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘बघ, लिवल्यान हा मगे. अक्षर काय ता डागतराचा दिसता.’